माळ्यावरची ट्रंक, लघुअनियतकालिकं आणि काळश्याचे सतीश काळसेकर

करलीकाठ

नमस्कार मंडळी.

तौक्ते वादळ आलं त्या मे महिन्यात (२०२१) आमच्या घराची मागच्या अंगाची कौलं उडाली. पाऊस तोंडावर आलेला, म्हणून घाईघाईनं माळा रिकामा केला. जुनी इरली, तुटका पाळणा, भाताची एक फुटकी कणगी, आणि कोपऱ्यात आबांची पत्र्याची ट्रंक. आबा म्हणजे माझ्या वडलांचे थोरले भाऊ. गिरगावातल्या एका छापखान्यात कंपॉझिटर होते. जन्मभर छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवले. गणपतीला आणि शिमग्याला गावी यायचे, बाकी वर्ष मुंबईत एका खोलीत सातजणांबरोबर.

ट्रंकेत जमिनीचे कागद असतील असं आम्हाला वाटलं होतं. निघाली अनियतकालिकं. काही छापील, काही सायक्लोस्टाइल केलेली, काहींची वरची पानं कसरीनं खाल्लेली. टाचण्या गंजून त्यांचा तांबूस डाग आठ-आठ पानांत उतरलेला. चाकरमानी माणूस गावी येताना खाऊ आणतो, कपडे आणतो, फार तर रेडिओ आणतो. आबांनी हे आणलं, माळ्यावर ठेवलं आणि घरात कुणाला एका शब्दानं सांगितलं नाही.

तेव्हा ट्रंक बंद करून बाजूला ठेवली, कारण छप्पर आधी. पुढे दोन महिन्यांनी, २४ जुलैला पेणहून बातमी आली की कवी आणि संपादक सतीश काळसेकर गेले. दोनच दिवस आधी चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेलं होतं, तळियेत डोंगर घरांवर आला होता. त्या हलकल्लोळात आमच्याकडे या बातमीचा कुणी उच्चारही केला नाही. मी मात्र त्या रात्री परत ट्रंक उघडून बसलो.

हा धागा काढायचं कारण वेगळं आहे. गेल्या महिन्यात काळश्याची एक बारावीतली मुलगी आमच्याकडे आली होती, बहिणीच्या ओळखीची, वाचायची आवड असलेली. तिला विचारलं, तुझ्या गावच्या सतीश काळसेकरांचं काही वाचलंस का? तिनं नावच ऐकलं नव्हतं. चूक तिची नाही. आपण त्यांना मुंबईच्या नावावर लिहून टाकलंय. लघुअनियतकालिकांची चळवळ म्हटलं की गिरगाव, दादर, काळा घोडा. ती गोष्ट खोटी नाही, पण तिचं एक टोक आमच्या माळ्यावर होतं, आणि तेही कुणीतरी लिहायला हवं.

ज्यांना पार्श्वभूमी नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. साठच्या दशकात मराठीत साहित्यिक म्हणून मान्यता मिळवायची तर 'सत्यकथे'तून जावं लागायचं. 'मौज' या प्रकाशन संस्थेचं हे मासिक. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक, एकेका वाक्यावर लेखकाशी पत्रव्यवहार करणारे. ज्यांची भाषा त्या चाळणीतून जाणारी नव्हती, त्यांनी आपापले अंक काढायला सुरुवात केली. त्याच्याही आधी, १९५४ मध्ये, दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी 'शब्द' काढलं होतं. चित्रे तेव्हा अवघे सोळा वर्षांचे. १९६३ मध्ये अशोक शहाणे यांचा 'आजकालच्या मराठी वाङ्मयावर क्ष-किरण' हा लेख आला आणि त्याच सुमारास त्यांचं 'असो'. मग राजा ढाले यांचं 'येरू', औरंगाबादेकडून भालचंद्र नेमाड्यांचं 'वाचा', आणि 'फक्त', 'तापसी', 'चक्रवर्ती'. या शेवटच्या तिघांशी काळसेकरांचं नाव जोडलेलं आहे.

'अनियतकालिक' हा शब्दच मला फार आवडतो. नियतकालिक ठरल्या दिवशी येतं. हे पैसे जमले, कागद मिळाला आणि मजकूर हाताशी असला की येणार. नोंदणी नाही म्हणून वर्तमानपत्रांना मिळते ती टपालाची सवलत नाही, जाहिराती नाहीत, वर्गणीदार म्हणजे ओळखीची माणसं. कुणाच्याही दारात उभं राहायला नको, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

आता काळसेकर. जन्म १२ फेब्रुवारी १९४३, मालवण तालुक्यातलं काळसे, धामापूरला लागून. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, आम्ही सगळे रत्नागिरीचेच. सिंधुदुर्ग झाला १ मे १९८१ला. पुढे मुंबई, बँकेतली नोकरी, आणि नोकरीच्या बाहेर उरलेला सगळा वेळ कागदाला. कवितासंग्रह तीन. 'इंद्रियोपनिषद' १९७१, 'साक्षात' १९८२, 'विलंबित' १९९७. सव्वीस वर्षांत तीन पुस्तकं. पहिल्या पुस्तकाचं नाव नुसतं वाचलं तरी कळतं की हा माणूस इंद्रियांना उपनिषदाशेजारी बसवायला कचरत नव्हता. नंतर प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनातलं लोकवाङ्मय गृह ही प्रकाशन संस्था, तिथलं 'आपले वाङ्मय वृत्त' हे लहानसं मासिक, आणि शेवटी पेण.

मला जे म्हणायचंय ते हे की काळसेकर संपादक म्हणून मोठे झाले ते वाचणारे होते म्हणून. त्या पिढीतली बाकीची नावं लिहिणाऱ्यांची म्हणून राहिली, भांडणाऱ्यांची म्हणून राहिली. काळसेकरांनी आपल्या गद्य पुस्तकाला नाव दिलं 'वाचणाऱ्याची रोजनिशी'. लेखकाची नाही, कवीची नाही, वाचणाऱ्याची. ते २०१०ला आलं आणि २०१३चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. पुस्तकं कुठे भेटली, कुणी दिली, कुणाला दिली, कुठल्या अंकात काय आलं होतं, कुठलं दुकान बंद झालं, याची ही टिपणं आहेत. आपलं वाचन एवढ्या आदरानं लिहून ठेवण्याजोगं आहे असं मानणारा माणूस मराठीत विरळा.

आणि ट्रंकेतल्या एका अंकानं मला हे समजावलं. कोणाचा अंक ते कळत नाही, वरचं पान गेलंय. सायक्लोस्टाइल केलेला आहे, हातानं लिहिलेली अक्षरं. त्याच्या आबांकडे दोन प्रती होत्या. पाचव्या पानावर एका ओळीत 'नाही' हा शब्द राहून गेलाय, आणि तो निळ्या शाईनं, खाली काकपद (राहिलेला शब्द घालायची खूण) काढून वर लिहिलाय. वाटलं आबांनीच लिहिला असेल, कंपॉझिटरचा डोळा. मग दुसरी प्रत बघितली. तिथेही तेच पान, तीच ओळ, तेच काकपद, तीच निळी शाई. म्हणजे अंक छापून झाल्यावर चूक लक्षात आली, आणि 'नाही' गेल्यामुळे वाक्याचा अर्थच उलटत होता. मग कुणीतरी गठ्ठा घेऊन बसलं आणि एकेका प्रतीत तो शब्द हातानं घातला. शंभर असतील, दोनशे असतील. हे काम कुणी केलं ते सांगता येणार नाही. पण संपादन म्हणजे काय हे मला विचाराल तर मी ते पान दाखवीन.

तुमच्याकडे, तुमच्या घरच्या माळ्यावर, गावच्या वाचनालयात असं काही असेल तर इथे लिहा. काळसेकर वाचलेले कुणी असतील त्यांनीही लिहा.

गिरणगावकर

करलीकाठ, धागा वाचून गलबलून आलं. माझे वडील लालबागला प्रेसमध्येच होते, मशीनवर. तुमच्या आबांसारखी माणसं या चळवळीच्या इतिहासात कुठे येत नाहीत. पण खिळा त्यांनीच उचललेला असायचा. नव्या कवितेतल्या अर्ध्या ओळी, मध्येच सोडलेली जागा, कानडी-गुजरातीतून आलेला शब्द, हे सगळं कंपॉझिटरनं कधी ना कधी विचारलेलं असणार, "हे असंच ठेवायचं का?" आणि असंच ठेवलेलं असणार.

आमच्या भागातले चंद्रकांत खोत विसरू नका. 'अबकडई'चे संपादक. 'उभयान्वयी अव्यय' १९७०ची, तेव्हा मोठी खळबळ झाली होती. त्याच माणसानं पुढे विवेकानंदांवर 'बिंब-प्रतिबिंब' लिहिली. शेवटची वर्षं एका देवळाच्या आश्रयानं काढली आणि डिसेंबर २०१४मध्ये गेले. काळसेकरांना निदान एक घर मिळालं, प्रकाशन संस्थेचं आणि पेणचं. खोतांसारख्याला ते मिळालं नाही. बंड केलेल्या माणसाचं म्हातारपण कुणी सांभाळायचं, हा प्रश्न मला सारखा सतावतो.

सायक्लोस्टाइलबद्दल, नवीन मुलांसाठी. स्टेन्सिलचा कागद मेणाचा असतो. त्याच्यावर टोकदार सळईनं लिहायचं, मेण सरकतं आणि तेवढ्या रेषेतून शाई झिरपते. चुकलं तर लाल पातळ द्रव लावायचा, फुंकर मारून सुकवायचा, परत कोरायचं. काहीशे प्रती काढल्या की स्टेन्सिल फाटायला लागतं. त्यामुळे छापून झाल्यावर चूक सापडली तर पेनाशिवाय उपाय नाही. तुमचं काकपद त्यातलंच.

झावळी

लेख चांगला आहे, पण दोन गोष्टींवर मला बोलायचंय.

पहिली 'सत्यकथे'ची. राजा ढाल्यांनी 'सत्यकथेची सत्यकथा' लिहिली, १९६९ला मौजेच्या दारात अंक जाळला, आणि तेव्हापासून सत्यकथा म्हणजे खलनायक असं सगळे धरून चालतात. आपल्याकडचं उदाहरण घ्या. कुडाळात खाणावळ चालवणारा, बागलांच्या राईतला एक तरुण कविता पाठवतो, आणि १९५४ला 'शून्य शृंगारते' सत्यकथेत येते. आरती प्रभू महाराष्ट्राला मिळाले ते असे. त्यांना कोण ओळखत होतं मुंबईत? कुणाची शिफारस होती? संपादकानं कविता वाचली आणि छापली, एवढंच. कोकणातल्या कोपऱ्यातल्या माणसाला पोस्टानं पाठवलेल्या कागदावर न्याय मिळाला, हे त्या मासिकाचं देणं आहे. अनियतकालिकवाले सगळे एकमेकांचे दोस्त होते. कुडाळच्या खाणावळीतल्या माणसाला त्या टोळक्यात शिरकाव कसा मिळाला असता?

दुसरी गोष्ट. प्रस्थापितांविरुद्ध उभं राहायचं आणि पुढे कम्युनिस्ट पक्षाशी बांधलेल्या प्रकाशन संस्थेत काम करायचं, सरकारी अकादमीचा पुरस्कार घ्यायचा, हे कसं बसतं? मी टोमणा मारत नाही, मला खरंच समजून घ्यायचंय.

करलीकाठ

झावळी, आरती प्रभूंचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के मान्य. मी स्वतः कुडाळच्या त्या रस्त्यानं जाताना दर वेळी तेच आठवतो. सत्यकथा १९८२ला बंद झाली तेव्हा खूप काही बंद झालं. माझं म्हणणं इतकंच की एकच दार असणं वाईट, मग ते कितीही चांगल्या माणसाच्या ताब्यात असो. आरती प्रभूंची कविता त्या दारातून गेली. गोलपिठ्याची भाषा गेली असती का? नामदेव ढसाळांचं 'गोलपिठा' १९७२चं. त्याच्यासाठी कानांची तयारी आधीच्या दहा वर्षांत या फाटक्या अंकांनी केली होती. दलित पँथरही १९७२चीच, आणि ढाले, ढसाळ दोघे तिथे. कविता आणि चळवळ यांच्यामध्ये हे कागद होते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर मी बराच विचार केला. अनियतकालिकवाल्यांमध्ये पुढे फाटे फुटले. अशोक शहाणे यांनी प्रास प्रकाशन काढलं आणि कोलटकरांची पुस्तकं केली. १९७७ला 'अरुण कोलटकरच्या कविता', मग कित्येक वर्षांनी 'भिजकी वही', 'चिरीमिरी', 'द्रोण'. एका माणसानं एका कवीची पुस्तकं जिवापाड जपून केली. त्यांचे स्वतःचे लेख 'नपेक्षा'मध्ये आले ते लोकवाङ्मय गृहाकडूनच. ढाले राजकारणात आणि बुद्धविचारात गेले. काळसेकर डाव्या विचाराकडे गेले, आणि त्या विचारात पुस्तक लोकांपर्यंत पोचवणं हे कामच असतं. त्यांनी संस्था निवडली ती मिरवायला नाही, पुस्तकं काढायला. 'आपले वाङ्मय वृत्त' बघितलंय का तुम्ही? लहानसा अंक, हातात मावणारा. पुस्तकं विकण्यासाठी काढलेल्या पत्रिकेला त्यांनी वाचनाचं मासिक केलं. बँकेत दिवसभर खातेवह्या आणि संध्याकाळी दुसऱ्यांची प्रुफं, हे वर्षानुवर्षं करणाऱ्याला बंड सोडलं असं म्हणवत नाही मला.

पुरस्काराबद्दल, वाचणाऱ्याच्या रोजनिशीला तो मिळाला याचा मला आनंदच आहे. कवितेला मिळाला असता तर एका कवीचा मान झाला असता. इथे वाचनाचा झाला.

सुरंगी

सगळं वाचलं. आता मी एक विचारते. 'शब्द', 'असो', 'येरू', 'वाचा', 'फक्त', 'अबकडई'. यात एक तरी बाई संपादक सांगा.

माझी आई वेंगुर्ल्याची, लग्न होऊन परळला गेली. वडलांचे मित्र रात्री-रात्री आमच्या खोलीत बसायचे, कविता वाचायचे, भांडायचे. तुम्ही ज्या गठ्ठ्याबद्दल लिहिलंत तसे गठ्ठे आमच्या घरी यायचे. आई आणि शेजारच्या मावशी पानं जुळवायच्या, दुमडायच्या, टाचण्या मारायच्या. हाडाच्या तुकड्यानं घडी दाबायची, नाहीतर कडा फुगते, हे आईनं मला शिकवलं. चहा किती वेळा टाकला त्याचा हिशोबच नाही. माझ्या आईला त्यातलं अक्षर अन् अक्षर पाठ होतं, कारण पानांचा क्रम लागलाय की नाही ते बघायला ती वाचायची. कुठल्याही अंकात तिचं नाव नाही.

मल्लिका अमर शेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' १९८४ला आलं, तेव्हा या बंडखोरीच्या घराच्या आतलं चित्र पहिल्यांदा कुणी उघड लिहिलं. ते पुस्तक वाचल्याशिवाय या चळवळीचं कौतुक कुणी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

करलीकाठ, त्या काकपदाच्या शेजारचं अक्षर बघा. 'नाही' कुणी लिहिलं ते तुम्हाला माहीत नाही म्हणता. एखाद्या बाईनं लिहिलं असेल, हेही मनात येऊ द्या.

करलीकाठ

सुरंगीताई, तुमच्या शेवटच्या ओळीनं मी दोन दिवस गप्प बसलो. हे माझ्या मनातच आलं नव्हतं आणि यायला हवं होतं. आज परत पान काढून बघितलं. 'ह'चं वळण गोल आहे, सावकाश काढलेलं. यावरून काही सिद्ध होत नाही. पण 'संपादकानं' असं मी वर धरून चाललो होतो, ते मागे घेतो.

तुमच्या आईबद्दल सविस्तर लिहा ना. स्वतंत्र धागा काढा. घडी दाबायच्या त्या हाडाच्या तुकड्याचं नाव त्या काय घ्यायच्या?

सुरंगी

नाव काही नाही, "ते हाड" म्हणायची. अजून माझ्याकडे आहे. कधी बर्फी कापायला वापरते. लिहीन.

वाशिष्ठीकाठ

चिपळूणहून लिहितोय. आमच्या गावचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, आम्ही 'लोटिस्मा' म्हणतो, १८६४चं. २००५च्या पुरात त्याची पुस्तकं गेली, परत उभं केलं, आणि २२ जुलै २०२१ला पुन्हा वाशिष्ठीचं पाणी आत शिरलं. काळसेकर ज्या आठवड्यात गेले त्या आठवड्यात आम्ही चिखलातून पुस्तकं उपसत होतो. त्यामुळे त्यांची बातमी मला पंधरा दिवसांनी कळली. वाचणाऱ्याची रोजनिशी लिहिणारा माणूस गेला आणि आमच्या हातात लगदा झालेली पुस्तकं, हे एकत्र आठवलं की अजून कसंतरी होतं.

कोकणात वाचनालयं फार जुनी आहेत, लोकांना कल्पना नसते. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८चं, म्हणजे 'दर्पण'च्या आधीचं. सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२चं. आणि 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे, देवगडचे. ६ जानेवारी १८३२ला पहिला अंक, मराठी आणि इंग्रजी शेजारी-शेजारी. विशीतल्या पोरानं काढलेलं पत्र. काळसेकरांचा वारसा थेट तिथपर्यंत नेता येतो असं मला वाटतं. आपल्या मुलखातून माणूस मुंबईला जातो आणि पहिल्यांदा काय करतो, तर कागद काढतो.

आता कामाचं. पुरानंतर आम्ही जे शिकलो ते सांगतो, ट्रंकेसाठी उपयोगी पडेल.

गंजलेल्या टाचण्या ओढून काढू नका. पान उलटं करून मागच्या बाजूनं पातळ पात्यानं एकेक पाय सरळ करा, मग पुढून अलगद उचला. त्याच भोकांतून साधा सुती दोरा घालून सैल टाका मारा. चिकटपट्टी अजिबात लावू नका. पाच वर्षांत ती पिवळी पडते आणि तिच्याखालचं अक्षर घेऊन जाते. लॅमिनेशन तर नकोच. पानं एकमेकांना चिकटली असतील तर ओढू नका, मध्ये टीपकागद घालून पंख्याखाली सावलीत ठेवा, रोज टीपकागद बदला. कडक उन्हात टाकलं की कागद कुरकुरीत होतो आणि घडीवर तुटतो. पावसाळ्यात पत्र्याच्या ट्रंकेला आतून घाम येतो, तेव्हा ट्रंक सोडा. पुठ्ठ्याचा खोका, जाड कापडात गुंडाळून, जमिनीपासून आणि भिंतीपासून लांब. कडुनिंबाचा सुका पाला चालतो, डांबरगोळ्या कागदाला टेकू देऊ नका.

स्कॅन करायचं तर आधी आहे तसं करा, डागासकट. साफसफाई नंतर.

पेणचा पाहुणा

स्कॅनचा विषय निघालाच आहे तर एक सावधगिरी. आपल्याकडे लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. म्हणजे काळसेकरांच्या कविता २०८१ संपेपर्यंत त्यांच्या वारसांच्या. निनावी मजकुराला प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षं. तुमचा बिनमुखपृष्ठाचा अंक साठच्या दशकातला असला तर त्यातला निनावी भाग मोकळा झाला असेल किंवा लवकरच होईल, पण नावानिशी असलेल्या कवितांचं तसं नाही. जपणुकीसाठी प्रत काढणं वेगळं आणि सगळ्यांसाठी जालावर टाकणं वेगळं. विचारून टाका. अशी परवानगी मनापासून मागितली तर सहसा मिळते, माझा अनुभव आहे.

बाकी, काळसेकरांनी पेण का निवडलं असेल याचा मी इथं राहताना विचार करतो. गणपतीच्या महिना-दोन महिने आधी इथल्या गल्ल्यांतून चालताना दोन्ही बाजूंना न रंगवलेल्या पांढऱ्या मूर्ती दिसतात, डोळे अजून काढायचे असतात. हातानं काम करणाऱ्यांचं गाव आहे. मला तरी ते शोभून दिसतं.

काळश्याची

करलीकाठ काका, ती बारावीतली मी. बहिणीनं लिंक पाठवली.

माझा गाव काळसा, आणि माका म्हायत नव्हता. शाळेत कोणीच सांगल्यान नाय. 'वाचणाऱ्याची रोजनिशी' कॉलेजच्या वाचनालयात मिळाली, तिच्यावर २०१६नंतर कुणाचा शिक्काच नव्हता. साठ पानं झाली. मला वाटलं होतं अवघड असेल. पण ते कुणाशी तरी बोलावं तसं लिहितात. एखाद्या पुस्तकावर लिहिता-लिहिता दुसऱ्या पुस्तकाकडे जातात, मग माणसाकडे, मग परत येतात. मी नावांची यादी करत चाललेय, ती पाच पानं झाली.

एक विचारायचं होतं. ट्रंक बघूक येव काय? मला हात स्वच्छ धुऊन पानं उलटता येतात. माझ्याकडे मोबाइल आहे, स्कॅन करता येईल.

करलीकाठ

ये गो बाय. आयतवारी सकाळी ये, जेवूनच जा. टीपकागद मी कुडाळहून आणून ठेवतो.

गिरणगावकर

काका, आयतवारी काय झालं ते लिहा.

करलीकाठ

लिहितो. ती आणि तिचा भाऊ आले. वाशिष्ठीकाठ यांनी सांगितलं तसं सगळं पडवीत मांडलं, उजेड पण ऊन नाही अशा जागी. टाचण्या काढायचं काम तिनंच केलं, माझा हात थरथरतो. एकूण एकतीस अंक आणि काही सुटी पानं. तीन अंकांवर आबांची सही आणि 'खाडिलकर रोड' असं लिहिलेलं. एका अंकाच्या मागच्या कोऱ्या पानावर आबांनी पेन्सिलीनं हिशोब मांडलाय. भाडं, मेस, बोटीचं तिकीट, आणि खाली 'अंक – ४ आणे'. बोटीच्या तिकिटाच्या खालीच. पोरीनं ते वाचून मला हाक मारली.

आणि एक निघालं. बिनमुखपृष्ठाच्या त्या दोन प्रतींतली दुसरी जाड लागत होती. ती दोन प्रतींची चिकटून एक झालेली होती. टीपकागद घालून सुट्या करायला चार दिवस लागले. तिसऱ्या प्रतीलाही वरचं पान नाही. पाचवं पान उघडलं. त्या प्रतीत शब्द घालायचा राहिलाय. ओळ जशी छापली तशीच आहे, उलट्या अर्थाची.

पोरगी विचारत होती, काका, आपण लिहूया का? तिच्या हातात निळं पेन होतं. मी अजून उत्तर दिलेलं नाही. वाशिष्ठीकाठ, सुरंगीताई, तुम्ही सांगा.

वाशिष्ठीकाठ

पानावर नको. कागदाची वेगळी पट्टी करा, पेन्सिलीनं लिहा आणि त्या पानात ठेवा.

सुरंगी

पट्टीवर तिलाच लिहू दे. आणि खाली तिचं नाव घालायला सांगा.